गाडीत राहिलेली छागल

ही गोष्ट सांगायची मी वीस वर्षं टाळली. टाळायला फार अक्कल लागत नाही. कोणी त्या डोंगराचा विषय काढला की मी चहाचं सांगायला आत जायचो. कोणी त्या वाटेचा नकाशा मागितला तर "ती वाट आता बंद झाली" म्हणायचो. वाट बंद झालेली नव्हती, आजही तिच्यावरून गुरं जातात. पहिली काही वर्षं वाटायचं, वेळ पाहून सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या मागच्या हिवाळ्यात गेल्या.

गेल्या महिन्यात माझ्या मित्राची मुलगी घरी आली. मित्र म्हणजे ऑफिसात सतरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. तो गेला तेव्हा ही तेरा वर्षांची होती, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती एक. आता नागपूरच्या मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पंधरा-वीस जणांना घेऊन डोंगर चढायला जाते.

"काका, आमच्या ग्रुपसाठी एक छोटी पुस्तिका लिहून द्या ना," ती म्हणाली. "हिवाळा, पावसाळा, उन्हाळा. जंगलात मुक्काम कसा करायचा, काय न्यायचं, काय नाही. आमच्याकडे लोक मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून येतात आणि स्लीपर घालून डोंगर चढतात."

"माझं सगळं जुनं झालं गं. आम्ही तंबूसुद्धा घरी शिवायचो. तुमचं सामान वेगळं."

"सामान वेगळं असेल. थंडी आणि ऊन तर तेच आहे ना?"

मग बिस्कीट चहात बुडवत ती म्हणाली, "उन्हाळ्याचं जरा जास्त लिहा. बाबांचं घाला त्यात. मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगते, माझे बाबा पाणी गाडीत विसरले आणि त्यातच गेले. मग कोणी बाटली विसरत नाही."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहा म्हणून सांगावं तसं ती बोलली. मी हो म्हटलं. ती गेल्यावर मोठी वही काढली आणि हिवाळ्यापासून सुरुवात केली, कारण हिवाळा सोपा होता.

हिवाळ्याबद्दल मी असं लिहिलं. नागपूरच्या माणसाला थंडीची कल्पना नसते, कारण तो ती घरात बसून पाहतो. उघड्यावर पहाटे तीन-चारच्या सुमाराला जी थंडी येते ती वरून येत नाही, जमिनीतून येते. म्हणून अंगावर दोन ब्लँकेटं घेण्यापेक्षा एक खाली घाला. गावात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मिळाली तर वीतभर जाड पसरा आणि वर चादर. नदीकाठी, खोलगट जागी तंबू लावू नका. जागा दिसायला छान असते, पण गार हवा उतरून तिथेच साचते. थोडं वर, झाडांच्या आडोशाला जा. चालून घाम आलेला बनियन अंगावर ठेवून झोपू नका. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीच्या तळाशी ठेवा आणि तो फक्त झोपताना घाला, दिवसा कितीही मोह झाला तरी. निघताना शेकोटीवर पाणी ओता, राख हाताने चाचपून पाहा, आणि हाताला गार लागली तरच निघा.

ही शेवटची गोष्ट मला मित्राने शिकवली. सगळे पाठीवर पिशव्या चढवून उभे राहायचे आणि हा राखेत हात घालून बसलेला.

"चल गा आता, काय सोनं शोधून राहिला?" कोणीतरी म्हणायचं.

"तुम्ही व्हा समोर. मी जंगल विझवून येतो," तो म्हणायचा.

शहरात तो विसराळू होता, हे मला मान्य केलं पाहिजे. चष्मा, छत्री, ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या. एकदा सदर बाजारात सायकल उभी करून रिक्षाने घरी गेला होता. त्याच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे, या गोष्टींचा साठाच होता. पाहुणे आले की त्या एकेक काढायच्या आणि तो समोर बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचा. पण जंगलात मी त्याला काही विसरताना पाहिलं नाही. जंगलात तो सावध असायचा. मी नव्हतो.

पावसाळ्याचं लिहितानाही तोच पुढे आला. पावसाळ्यात कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू लावू नका, पाऊस दूर कुठेतरी पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. विजा कडाडत असताना मोकळ्या माळावरच्या एकट्या झाडाखाली उभे राहू नका. काळ्या मातीतून चालायचं असेल तर वेळ दुप्पट धरा, कारण प्रत्येक बुटाला किलोभर चिखल चिकटतो. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका. काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सोबत मेणबत्तीचा तुकडा ठेवा. नाला ओलांडायचा असेल तर पिशवीचे पट्टे सैल करा, म्हणजे पाय घसरला तर पिशवी सोडून देता येईल. आणि पाणी गढूळ असून गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडूच नका, बसा. आपल्याकडचे नाले जसे चढतात तसे काही तासांत उतरतातही.

एकदा असाच एक नाला चढला होता. मला उशीर होत होता आणि मी दोरी बांधून सगळ्यांना पलीकडे न्यायच्या बेतात होतो. मित्र काठावर मांडी घालून बसला.

"मले नाही जायचं."

"अरे, गुडघाभर तर आहे."

"तुह्या गुडघ्याएवढं आहे. माहा गुडघा खाली आहे." तो बुटका होता. सगळे हसले आणि त्याच्या शेजारी बसले. साडेतीन तास बसलो. पाणी घोट्यावर आलं तेव्हा उठलो. मी दिवसभर त्याच्याशी नीट बोललो नाही.

इथवर लिहिलं आणि वही मिटली. उन्हाळ्याचं पान दहा दिवस कोरं राहिलं.

आमचा गट ऑफिसातून सुरू झाला होता. मी आरेखक, नकाशे काढणारा. मित्र कारकून. हळूहळू एक गणिताचे मास्तर आले, काही कॉलेजची मुलं-मुली आली. नेतृत्व माझ्याकडे आपोआप आलं, कारण वाटा माझ्या वहीत होत्या. विहिरी, सावलीची झाडं, चढ-उतार, सगळं काळ्या शाईने, मोजमापासकट. लोक त्या वहीकडे फार आदराने पाहायचे. मला ते आवडायचं.

आणि आमची एक पद्धत होती, तीही मीच पाडलेली. निघण्याआधी जमिनीवर ताडपत्री पसरायची आणि प्रत्येकाने आपली पिशवी तिच्यावर रिकामी करायची. मी हातात काठी घेऊन फिरायचो. जे नको वाटेल ते काठीने बाजूला सारायचं आणि म्हणायचं, "घरी". ते सामान गाडीत जायचं. त्यावर वाद नाही, असा नियम. एकदा गणिताच्या मास्तरांच्या पिशवीतून लाकडी पाट निघाला. "मले खाली बसवत नाही," ते काकुळतीने म्हणाले. मी पाट घरी पाठवला. या तपासणीची लोक वाट पाहायचे, सकाळी सकाळी हसायला मिळायचं. पद्धत वाईट नव्हती. अनाठायी ओझ्याने माणूस थकतो हे खरंच आहे. पण काठी हातात आली की मला काहीतरी काढून टाकल्याशिवाय चैन पडत नसे.

तो दिवस गुढीपाडव्याच्या पुढच्या आठवड्यातला होता. आम्ही सदरमधून पहाटे भाड्याच्या जीपने निघालो, कन्हान नदीचा पूल ओलांडून उत्तरेकडे. एक लांब डोंगरधार चालून पलीकडच्या गावात संध्याकाळी उतरायचं, जीप वळसा घालून तिथे येणार. मध्ये एक डोह होता. अकरापर्यंत डोहावर पोहोचायचं, दुपार तिथल्या सावलीत काढायची, बाटल्या भरायच्या आणि ऊन कललं की उतरायचं, असा बेत. म्हणून प्रत्येकाने दोन-दोन लिटर पाणी घ्यायचं ठरलं होतं.

वहीत त्या डोहापुढे मी लिहिलं होतं, "पाणी बारमाही". तो डोह मी एकदाच पाहिला होता, जानेवारीत. काठोकाठ भरलेला, वर एक खंड्या बसलेला. उन्हाळ्यात तिथे काय असतं हे मला माहीत नव्हतं. कोणाला विचारलंही नव्हतं. डोहापुढची जागा कागदावर रिकामी दिसत होती आणि मला रिकामी जागा सहन होत नसे, म्हणून लिहिलं.

पायथ्याशी ताडपत्री पसरली. मित्राच्या सामानात छागल होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापड सतत पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि आतलं पाणी गार राहतं. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक जीपला बाहेरून लटकलेली असायची. याची सात-आठ लिटरची, तोंडापर्यंत भरलेली, खांद्याला अडकवायला जाड पट्टा शिवून घेतलेला.

"हे काय आणलंस?"

"तुझ्या वहिनीनं देल्ली. रातभर भिजवून ठेवली होती तिनं. मले म्हणाली, बाकी काहीबी विसरा, हे विसरू नका."

"आठ किलो वजन आहे हे. वर पाझरते. पाठ ओली होईल."

"पाठ माही आहे ना गा? तुले काहून त्रास होऊन राहिला?"

मुलं हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. ताडपत्रीवर वाद नसतो हा नियम तो मोडत होता.

"डोहात पाणी आहे. अकराला पोहोचतो आपण."

"एवढ्यात पाहून आला का तू?"

"वहीत आहे."

"वहीत तर सगळंच असते, नकाशासाहेब."

आता सगळेच हसले. मी काठीने छागल बाजूला सारली आणि म्हणालो, "घरी."

त्याने तिचं बूच पुन्हा घट्ट केलं. मग खांदे उडवले. "बरं बाप्पा. तू लीडर. पण तुझ्या वहिनीले तूच सांगजो, मी नाही सांगणार." आणि त्याने स्वतः ती उचलून जीपच्या बाजूला, सावलीत राहील अशी, हुकाला अडकवली.

तपासणी, चहा, दोन उशिरा आलेली मुलं, यात पावणेआठ झाले. सहाला निघायला हवं होतं. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. डोहावर पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

डोहात पाणी नव्हतं. तळाची माती भेगाळलेली, मधोमध रानडुकरांनी उकरलेला खड्डा आणि त्यात बोटभर चिखल. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे खाली पाहत होते. मित्रच पहिला बोलला.

"चला, आंघोळीचा तरी वेळ वाचला."

तो मला वाचवत होता, हे मला तेव्हाच कळलं.

करायला हवं होतं ते साधं होतं. जी काय सावली होती तिच्यात सगळ्यांना बसवायचं, उरलेलं पाणी एकत्र करून घोट-घोट वाटायचं, आणि पाच वाजल्याशिवाय हलायचं नाही. सावलीतला माणूस तहानेने हैराण होतो, पण टिकतो. मी घाबरलो होतो. गाव तीन तासांवर आहे, चला, असं म्हणालो आणि भर दुपारी आठ माणसांना झाडं वाळलेल्या डोंगरधारेवर चालायला लावलं.

आमच्या चालण्यात मी पुढे असायचो आणि मित्र सगळ्यांत मागे. मागच्या माणसाचं काम कोणी सुटू नये हे पाहायचं. कॉलेजची एक मुलगी उलट्या करायला लागली. मी वळून पाहिलं तर मित्र तिला आपली दुसरी बाटली पाजत होता, उरलेल्या पाण्यात दुपट्टा भिजवून तिच्या डोक्याला गुंडाळत होता. मुलगी उठली. मला बरं वाटलं आणि मी पुढे चालायला लागलो. त्याच्याजवळ आता किती पाणी आहे हे मी विचारलं नाही.

तासाभराने मागून त्याचा आवाज यायला लागला. "ती फाईल वर गेली का? सायबाच्या टेबलावर ठेवजो. खाली नको ठेवजो." पोरं हसली. ऑफिसच्या नकला तो नेहमीच करायचा. तो बोलतच राहिला. मी थांबलो, मागे गेलो.

"नाटकं पुरे कर आता. पोरं घाबरतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखल्यासारखं पाहिलं नाही. "हाव साहेब," म्हणाला.

त्याचं कपाळ कोरडं होतं. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग होते, पण घाम नव्हता. उन्हात चालणाऱ्या माणसाचा घाम थांबला आणि तो भलतंच बोलायला लागला तर त्याचा अर्थ काय, हे मला माहीत होतं. नव्या मुलांना मीच शिकवायचो. पण त्या क्षणी ते मान्य केलं असतं तर मागचं सगळंच मान्य करावं लागलं असतं. मी पुढे गेलो. ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं, नाटकं पुरे कर.

अर्ध्या तासाने तो एका मोहाच्या झाडाखाली खाली बसला आणि मग आडवा झाला. अंग तापलेल्या तव्यासारखं. मी दोघांना त्याच्याजवळ ठेवलं आणि गावाकडे पळालो. मोहफुलं वेचणारी माणसं सकाळीच घरी गेलेली, वाटेत कोणी नव्हतं. गावातून दोन बादल्या पाणी आणि बैलगाडी घेऊन परतलो तेव्हा तो श्वास घेत होता. गाडीवाल्या म्हाताऱ्याने डोहाचं ऐकलं आणि म्हणाला, "तो तं होळीच्या आधीच आटते, बाप्पा. कोणाले बी विचारलं असतं तं सांगतलं असतं."

गावात जीप येऊन उभी होती. बाजूला छागल, भरलेली, ओली. आम्ही तेच पाणी त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतत नागपूरकडे निघालो. ते अजून गार होतं. कन्हानचा पूल यायच्या आधी तो गेला.

पोलीस ठाण्यात लिहून घेणाऱ्या माणसाने विचारलं, "त्यांच्याजवळ पाणी नव्हतं?"

"त्यांची छागल गाडीत राहिली."

"राहिली म्हणजे?"

"विसरले ते."

त्याने लिहून घेतलं. खाली मी सही केली. एवढंच. कोणी मला धमकावलं नव्हतं, कोणी सुचवलंही नव्हतं.

त्या रात्री मी वही काढली. ट्रेसिंग पेपरवरची चूक दुरुस्त करायची तर आम्ही आरेखक शाई ब्लेडने अलगद खरवडतो, हात बसलेला असला तर खाली खूणही राहत नाही. मी "बारमाही" खरवडलं आणि त्या जागी "पावसाळ्यानंतर काही महिने" असं लिहिलं. अक्षर छान आलं.

गटातल्या सगळ्यांनी ताडपत्रीवरचं पाहिलं होतं. पण मुलं घाबरलेली होती, आणि त्या सकाळी काय काय घरी गेलं हे कोणाला नीट आठवत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. गणिताचे मास्तर आठ दिवसांनी घरी आले. पाणी प्यायले. म्हणाले, "वहिनींना तुम्ही सांगाल ना?" मी म्हणालो, सांगतो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे सदरच्या बाजारात मी समोरून येताना दिसलो की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

तेराव्यानंतर मी मित्राची पिशवी आणि छागल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने छागल मांडीवर घेतली. तिचा पट्टा वहिनींनीच शिवला होता.

"भाऊजी, ही गाडीत काहून राहिली?"

सांगायची ती वेळ होती. मुलगी दारात उभी होती. मी म्हणालो, "गडबडीत राहिली, वहिनी. विसरला तो."

"मी सांगतलं होतं त्यांले. तीनदा सांगतलं." मग पट्ट्याची शिवण चाचपत, "मीच गाडीपर्यंत यायले पाहिजे होतं. माहीत होतं मले, कसा माणूस आहे ते. मी खांद्यावर अडकवून देल्ली असती तं राहिली नसती."

त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून त्याच्या विसरण्याच्या गमती मी कधी ऐकल्या नाहीत. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या दारात थांबवायच्या. मुलगी शाळेत निघाली की डबा, किल्ली, बाटली, एकेक हात लावून पाहायच्या. "आई, पुरे वं," ती चिडायची. त्या पुन्हा पाहायच्या. मी भेटायला गेलो तरी निघताना विचारायच्या, "भाऊजी, काही राहिलं तर नाही?" दरवेळी मी म्हणायचो, नाही वहिनी, काही नाही.

मी तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा वर्षश्राद्धाला. घरात माणसं होती, म्हणून परत आलो. दुसऱ्यांदा मुलीला नोकरी लागली तेव्हा. त्या पेढे घेऊन आल्या, खूप दिवसांनी हसत होत्या, म्हणून गप्प बसलो. कारणं दोन्ही वेळा खरी होती. पण ती नसती तर मी दुसरी शोधली असती.

तिसऱ्यांदा मागच्या हिवाळ्यात. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. या वेळी मी सगळं कागदावर लिहून सदऱ्याच्या खिशात घातलं होतं. तोंडातून निघालं नाही तर वाचून दाखवायचं, वाचता आलं नाही तर हातात द्यायचं. मुलगी औषध आणायला बाहेर गेली. आम्ही दोघंच होतो.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही येत राहिले म्हणून बरं. त्यांचे बाकीचे दोस्त तर विसरले."

मी खिशाला हात लावला.

"एक गोष्ट सांगू? रागावू नका. वीस वर्षं झाली, पण त्यांच्यावरचा माहा राग गेला नाही. एवढं सांगून, एवढं भरून देऊन... एका पोरीचा बाप असा विसरते का? आता वर गेली की पहिले हेच विचारते त्यांले. काहून विसरले म्हणून."

आणि त्या हसल्या, थोडं लाजल्यासारखं, जसं आपलं माणूस पुन्हा भेटणार म्हणून कोणी हसावं.

मी खिशातून हात काढला. आज वाटतं, तेव्हाच सांगितलं असतं तर उरलेले बारा दिवस तरी त्यांनी त्याच्यावर न रागावता काढले असते. तेव्हा वाटलं, कशाला आता. मी त्यांच्या पायांवरची शाल नीट केली, काळजी घ्या म्हणालो आणि घरी आलो. बाराव्या दिवशी मुलीचा फोन आला.

आता उन्हाळ्याचं.

उन्हाळ्यात आपल्याकडे डोंगर चढायचा असेल तर अंधारात निघा आणि दहाच्या आत थांबा. निघायला उशीर झाला तर परत फिरा, बेत गेला तरी चालेल. वहीतलं पाणी, नकाशातलं पाणी, कोणी सांगितलेलं पाणी मोजू नका. पाठीवर जेवढं आहे तेवढंच पाणी आहे. त्याच महिन्यात, त्याच आठवड्यात तिथे जाऊन आलेला गावातला माणूस भेटला तर त्याला विचारा, आणि तरीही आपलं न्या. मीठ-साखर खिशात ठेवा. दुपट्टा डोक्याला आणि कानांना बांधा. मागे चालणाऱ्या माणसाला दर अर्ध्या तासाने पुढे बोलवा आणि त्याची बाटली स्वतः उघडून पाहा, तो आहे म्हणाला तरी. कोणी भलतंच बोलायला लागला तर तो गंमत करतोय असं धरू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर घाला, वारा घाला आणि मदत बोलवा. आणि ज्याला जास्त पाणी न्यायचं आहे त्याला नेऊ द्या. लीडर कोणीही असो, पाण्याला हात लावायचा अधिकार त्याला नाही.

मुली, तुझ्या ग्रुपसाठी एवढं पुरे आहे. बाकीची पानं तुझ्यासाठी आहेत. नव्या लोकांना तू बाबांचं जे सांगतेस ते यापुढे सांगू नकोस, त्याऐवजी माझं सांग. हवं तर नावासकट सांग. ठाण्यातला कागद आता बदलता येणार नाही, म्हणून हा लिहिला. वाचून झाल्यावर तू माझ्या घरी आली नाहीस तर मला कारण विचारावं लागणार नाही.

पण माफी तुझ्या आधी तुझ्या आईची होती. खिशातला तो कागद मी फाडला नाही. त्यावर जे आहे ते जसंच्या तसं उतरवतो, कारण माझ्या तोंडून ते त्यांना कधी ऐकायला मिळालं नाही:

वहिनी, तो विसरला नव्हता. तुम्ही दिलेली छागल त्याने डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणली होती. ती न्यायची म्हणून तो माझ्याशी भांडला, सगळ्यांसमोर. मी ती काढून ठेवली आणि नंतर खोटं बोललो. तुमच्याकडूनही काही राहिलं नव्हतं. मला माफ करा.